मदत हवी आहे: पोटॅशियमच्या जुन्या बाटलीत पिवळा थर

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. काल कपाट आवरताना मागच्या रांगेत पोटॅशियमची एक बाटली सापडली. लेबल इतकं विटलंय की खरेदीचं साल वाचता येत नाही. आतलं पॅराफिन तेल निम्म्यावर आलंय. तेलाबाहेर राहिलेल्या तुकड्यांवर हळदीसारखा पिवळा थर आहे, कडेला नारिंगी होत गेलेला.

आमचे प्रयोगशाळा सहायक काका म्हणाले, "मॅडम, सोडियमवरही पापुद्रा येतोच. सुरीने खरवडला की झालं." सोडियमचं आम्ही तसंच करतो. तेल टिपकागदाने टिपून डाळीएवढा तुकडा कापतो आणि परातीतल्या पाण्यात सोडतो. पण काकांनी झाकणाला हात घातला तेव्हा मी त्यांना थांबवलं. हवेत जळताना लिथियमचं मुख्यतः ऑक्साइड, सोडियमचं पेरॉक्साइड आणि पोटॅशियमचं सुपरऑक्साइड बनतं, हे मीच दरवर्षी फळ्यावर लिहिते. हा पिवळा रंग सुपरऑक्साइडचाच ना? बाटली उघडलेली नाही. सोडियमचे उरलेले तुकडे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवतात, तसं इथे चालेल का? पुढच्या आठवड्यात बारावीची प्रात्यक्षिकं आहेत, मुलं त्याच खोलीत असतील. कृपया लवकर सांगा.

उत्तर:

ताई, काकांना थांबवलंत ते फार बरं केलंत. रंग सुपरऑक्साइडचाच समजा. ते जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे शेजारच्या पदार्थाला ऑक्सिजन पुरवून पेटवू शकतं. सुरी दाबली की ते खालच्या ताज्या धातूत आणि तेलात रुततं, आणि तिथेच स्फोट होऊ शकतो. असे अपघात झालेले आहेत. तेलात बुडालेला भागही सुरक्षित धरू नका, कारण तेलातूनही हवा हळूहळू झिरपते.

सोडियमचा अनुभव इथे कामाचा नाही. इलेक्ट्रॉन काढायला सोडियमला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात, पोटॅशियमला ४१९, म्हणून पोटॅशियम जास्त जोरात अभिक्रिया करतं. त्यात पोटॅशियम ६३.५ अंशांनाच वितळतं, म्हणून पाण्यावर पडताच त्याचा गोळा होऊन जांभळट ज्वाला उठते. अल्कोहोलचा उपाय अजिबात नको. स्वच्छ पोटॅशियमसाठीसुद्धा टर्ट-ब्युटेनॉलसारखं संथ अल्कोहोल जाणकार माणसाच्या हातूनच वापरतात, आणि थर चढलेल्या तुकड्यांना तेही नाही.

बाटली आहे तिथेच राहू द्या. हलवू नका, झाकणाला हात लावू नका. कपाटाला कुलूप, वर ठळक सूचना, आणि प्रात्यक्षिकं दुसऱ्या खोलीत. जवळ कोरडी वाळू ठेवा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक इथे चालत नाहीत, हे शिपायांनाही सांगा. प्राचार्यांना आजच लेखी कळवा. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राचा संपर्क घ्या. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला अशी केंद्रं आहेत. फोनवर नुसतं "जुनं रसायन" म्हणू नका. "पिवळा थर चढलेलं पोटॅशियम" असं पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे ते तयारीनिशी येतील. बाटलीचा फोटो काचेबाहेरूनच काढा.

धागाकर्ती:

कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे आहे. प्राचार्यांना पत्र दिलं. काकांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले की मागच्या कपाटात अशी आणखी एक बाटली आहे. तीही तशीच ठेवली आहे.