अस्वलांच्या जंगलात पहिल्यांदा चालताना: तुमचे अनुभव लिहा

अस्वलं असलेल्या जंगलात पहिल्यांदाच पायी निघालेला प्रत्येक जण विचारतो, "अस्वल समोर आलं तर काय करायचं?" मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: ते अचानक समोर येऊच नये म्हणून काय करायचं? माणसाची चाहूल दुरून लागली तर बहुतेक वेळा अस्वलच वाट सोडतं. खरी भीती दचकलेल्या अस्वलाची, पिल्लं सोबत असलेल्या मादीची आणि मेलेल्या जनावरावर ताव मारत बसलेल्या अस्वलाची.

ज्यांनी अशा मुलखात पायपीट केली आहे, त्यांनी कृपया लिहा. नुसते नियम नकोत, तुम्ही काय केलंत आणि का, ते हवं. अस्वल कुठल्या जातीचं होतं तेही सांगा.

---

आम्ही अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये चाललो होतो. तिथे ग्रिझली (तिथलं तपकिरी अस्वल) आणि अमेरिकी काळं अस्वल दोन्ही आहेत. निघताना रेंजरबाईंनी एकच गोष्ट बजावली, "बोलत राहा, आणि ओढ्याजवळ आवाज वाढवा." पाण्याच्या खळखळाटात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात अस्वलाला ना आपला आवाज पोचतो ना वास. म्हणून प्रत्येक आंधळ्या वळणाच्या अलीकडे टाळ्या वाजवून आम्ही मोठ्याने "ए अस्वला, आम्ही येतोय!" असं ओरडायचो. पहिल्या तासाभरात संकोच वाटतो, मग सवय होते.

हकलबेरी या छोट्या रानफळाची झुडपं वाटेच्या दोन्ही बाजूंना दाट झाली, तिथे एका वळणानंतर दूरच्या उतारावर ग्रिझली दिसलं. पाठीवर बैलासारखं वशिंड, कान आखूड. रंगावर मात्र जाऊ नका, काळ्या अस्वलाच्या जातीतली कित्येक अस्वलं तपकिरी असतात. ते फळं खाण्यात गुंग होतं. आम्ही थांबलो, एकमेकांजवळ आलो आणि आल्या पावली मागे फिरलो. पुढचं तळं बघायचं राहिलं, याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

अस्वलाला चाहूल लागावी म्हणून सॅकला घुंगरू बांधावं का असं बरेच जण विचारतात. माझं मत, त्यावर विसंबू नका. त्याचा आवाज फार लांब जात नाही. माणसाचा आवाज सर्वांत चांगला.

---

अस्वलाला थोपवायच्या स्प्रेबद्दल लिहितो. मिरचीतल्या तिखट द्रव्याचा हा फवारा अस्वलासाठीच बनवलेला हवा, स्वसंरक्षणाचा छोटा डबा इथे कामाचा नाही. तो सॅकच्या आत ठेवला तर असून नसल्यासारखा. कंबरेच्या पट्ट्याला किंवा छातीवर हवा, आणि सुरक्षा-क्लिप एका हाताने काढायचा सराव घरीच करून घ्यावा. अस्वल चाल करून आलं तर साधारण ९ ते १८ मीटरवर असताना किंचित खाली रोखून मारायचा, म्हणजे ते त्या ढगात शिरतं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण माझ्या गटातली एक मुलगी तेच करायला निघाली होती: हा फवारा डासांच्या औषधासारखा कपड्यांवर किंवा तंबूवर मारायचा नसतो. सुकलेल्या फवाऱ्याचा वास अस्वलाला उलट जवळ ओढू शकतो. मुदतीची तारीखही बघा. विमानात नेता येत नाही, तिथे पोचल्यावरच घ्यावा लागतो.

---

वरच्या प्रतिसादात भर: स्प्रे सगळीकडे चालत नाही. अमेरिकेतल्याच योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये तो न्यायलाच बंदी आहे. तिथे फक्त काळी अस्वलं आहेत आणि मुख्य प्रश्न अन्नाचा आहे. रानात मुक्काम करायचा तर अस्वलाला उघडता न येणारा कॅनिस्टर, म्हणजे खाणं ठेवायचा मजबूत डबा, लागतोच. अंधार पडल्यावर गाडीतही खाण्याचं काही ठेवता येत नाही, कारण अस्वलं दरवाजे वाकवून आत शिरतात.

आमच्या तंबूत पहिल्या रात्री मी सगळ्यांच्या सॅक रिकाम्या करायला लावल्या. टूथपेस्ट, ओठांचं मलम, सनस्क्रीन, चघळायच्या गोळ्या, सगळं डब्यात. कुरकुर झाली, पण अस्वलाच्या नाकाला खाणं आणि सुगंधी मलम यांत फरक नाही. स्वयंपाकाची जागा आणि डबा तंबूपासून शंभरेक मीटर लांब ठेवला. एकदा माणसाचं अन्न तोंडी लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा येतं, आणि शेवटी बरेचदा त्याला मारावं लागतं. माझ्या मनाला सर्वांत जास्त हेच लागतं.

---

अमेरिकेतल्या स्मोकी पर्वतात काळ्या अस्वलाची मादी आणि दोन पिल्लं वाटेवर. तिथला नियम किमान ४५ मीटर अंतराचा, यलोस्टोन या दुसऱ्या नॅशनल पार्कमध्ये ९१ मीटरचा. आम्ही तिच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकलो. ती धावत आली, जमिनीवर पंजे आपटले, फुत्कारली आणि मध्येच थांबली. हूल होती. त्या क्षणी पाय पळायला बघतात, पण पळायचं नाही. अस्वल ताशी ५० किलोमीटरच्या वर वेगाने धावतं. माझा नवरा हळू आवाजात बोलत राहिला, आणि ती पिल्लांना घेऊन खाली उतरली.

---

मध्य भारतातल्या जंगलात आपल्याकडचं अस्वल असतं, त्याच्याबद्दल कुणी लिहिलं नाही. वाळवी खणताना ते इतकं गढून जातं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि दचकलं की पळण्याऐवजी अंगावर येऊ शकतं. आमच्या वाटाड्याने पहाटे आणि संध्याकाळी चालू दिलं नाही. मोहाची फुलं गळायच्या दिवसांत झाडाखालून जाताना तो काठी आपटत, बोलत जायचा. वाळवी ओढून घेतल्याचा फुरफुर आवाज आला की तो लगेच वाट बदलायचा. गुहा आणि दाट झुडपांपासून लांब राहा, दिवसा ते तिथे झोपलेलं असतं.

---

प्रश्न: हल्ला झालाच तर मेल्याचं सोंग करायचं की प्रतिकार?

ग्रिझलीने बचावासाठी हल्ला केला तर पालथं पडायचं, सॅक पाठीवरच, बोटं गुंफून मानेमागे, पाय फाकवून, म्हणजे ते उलटवू शकत नाही. ते गेलं तरी लगेच उठू नका. अमेरिकी काळ्या अस्वलाने हल्ला केला तर दगड, काठी, जे हाती येईल त्याने प्रतिकार करा, तोंडावर मारा. कुठल्याही जातीचं अस्वल तंबूत शिरलं किंवा दबा धरून मागे लागलं तरी प्रतिकारच. आपल्याकडच्या अस्वलाने पाडलं तर पालथं पडून मान आणि चेहरा झाका. लहान मूल सोबत असेल तर अस्वल दिसताक्षणीच त्याला उचलून घ्या, आणि कुत्रा असेल तर पट्टा सोडू नका. मोकळा कुत्रा भुंकत अस्वलाकडे जातो आणि त्याला घेऊन तुमच्याकडेच परततो.