ओल्ड गोव्यात सापडलेलं राणी केतेवानचं हाड: तिचंच कशावरून?

मालवणी_वाट:
ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टिनचा अर्धा उरलेला मनोरा आहे ना, तिथे जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या हाताचं हाड सापडलं आणि डीएनए टेस्टमध्ये ते तिचंच निघालं असं वाचलं. दोन गोष्टी विचारायच्यात. १६२४ साली गेलेल्या बाईचा डीएनए जुळवला तरी कोणाशी? आणि दुसरं, मला ख्रिश्चन धर्मातलं फारसं कळत नाही म्हणून मनापासून विचारतोय, संतांची हाडं जपण्यामागे भावना काय असते? उद्या ते हाड दुसऱ्याच कोणाचं निघालं तर श्रद्धेचं काय?

खापर_शोधक:
"तिचंच निघालं" हे बातमीवाल्यांचं वाक्य आहे, शास्त्रज्ञ एवढं ठामपणे बोलत नाहीत. झालं असं की केतेवान ही जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी, इराणच्या शहा अब्बासने धर्म बदलायला सांगितलं, ती नाही म्हणाली, म्हणून इराणमधल्या शिराझ शहरात हालहाल करून मारली. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी गुपचूप तिचे अवशेष काढले आणि १६२७ मध्ये त्यातला काही भाग गोव्याला आणला. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागासुद्धा लिहिलीय, सेंट ऑगस्टिनच्या मठातल्या चॅप्टर चॅपेल नावाच्या प्रार्थनागृहाच्या दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत. पण पुढे १८३५ मध्ये मठ बंद पडला, १८४२ ला छत कोसळलं, मग कुठली खिडकी आणि कुठली पेटी! म्हणून पुरातत्त्व खात्याला आधी ढिगारा उपसून चॅपेलचा नकाशाच लावावा लागला.

तिथे मिळालेल्या हाडांचा डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या सरकारी संशोधन संस्थेने तपासला. राणीचा नमुना नव्हताच, त्यामुळे आईकडून येणारा वंश बघितला, तर एका हाडात यू१बी नावाचा गट मिळाला. भारतातल्या २२,००० हून जास्त नमुन्यांत तो एकदाही नाही, आणि जॉर्जियातल्या ३० माणसांत दोघांत आहे. त्याच जागेतल्या बाकी दोन हाडांचे वंश मात्र इथलेच निघाले. आता नुसत्या डीएनएवरून "जॉर्जियाकडची कोणीतरी व्यक्ती" एवढंच म्हणता येतं, कागद आणि जागा जोडली की मग दुसरं कोण असणार असा प्रश्न उरतो. माझ्या मते हा पुरावा फार भक्कम आहे, पण तो तिन्ही मिळून आहे, एकट्या लॅबचा नाही.

वसईची_लेक:
दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगते. आम्ही हाडाची उपासना करत नाही, उपासना फक्त देवाची. पण देह हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे आणि शेवटच्या दिवशी देहाचंही पुनरुत्थान होणार अशी आमची श्रद्धा आहे, म्हणून ज्या देहाने ख्रिस्तासाठी मार खाल्ला तो कचऱ्यासारखा टाकवत नाही. अगदी सुरुवातीचे ख्रिस्ती हुतात्म्यांच्या कबरींवर जमून मिस्सा (आमची मुख्य सामूहिक प्रार्थना) करायचे, त्यातूनच वेदीखाली अवशेष ठेवायची प्रथा आली. पवित्र अवशेष विकायला चर्चच्या कायद्यात साफ मनाई आहे, कारण मध्ययुगात या नावावर भयंकर बाजार चालला होता, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं मस्तक आपल्याकडे आहे असं एकाहून जास्त ठिकाणी सांगतात, सगळी खरी कशी असतील?

हाड दुसऱ्याचं निघालं तर वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू. पण त्या हाडापुढे उभं राहून केलेली प्रार्थना देवाकडे गेलेली असते, ती फुकट जात नाही. म्हणून खोटं चालवून घ्यायचं असं मात्र नाही हं, भाविकांना फसवणं हे पापच आहे.

मालवणी_वाट:
ताई, छान सांगितलंत. मग इटलीतल्या ट्युरिनच्या कफनाचं काय, येशूचं म्हणतात ते? आणि गोव्यात ठेवलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाचीही टेस्ट करा असं लोक म्हणतात.

खापर_शोधक:
ट्युरिनच्या कापडाची १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना अशा तीन लॅबनी कार्बन टेस्ट (वय काढायची चाचणी) केली, १२६० ते १३९० च्या दरम्यानचं निघालं. त्यावर वाद घालणारे आहेत, मला तो निकाल पटतो. झेवियरची गोष्ट वेगळी, तिथे मधे कुठे शतकभराची पोकळीच नाही. १५५२ मध्ये चीनजवळच्या बेटावर मृत्यू, तिथून मलाक्का, १५५४ ला गोवा, १६१४ ला उजवा हात कोपरापासून कापून रोमला पाठवला, या सगळ्याच्या नोंदी आहेत. कोणाच्या ताब्यात कधी होतं हे असं सलग सांगता येत असेल तर इतिहासवाल्याला ते पुष्कळ असतं.

वसईची_लेक:
कफनाबद्दल पोप जॉन पॉल दुसरे १९९८ मध्ये ट्युरिनला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की हा शास्त्रज्ञांनी तपासायचा विषय आहे, चर्च त्यावर निकाल देणार नाही. मला ही भूमिका फार आवडते.

आणि केतेवानबद्दल एक राहिलंच, ती कॅथलिक नव्हती, ऑर्थोडॉक्स होती, म्हणजे पोपला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाची! तरी कॅथलिक पाद्र्यांनी जीव धोक्यात घालून तिला इथवर आणली. जुलै २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीला जाऊन तो अवशेष जॉर्जियाच्या लोकांच्या हाती दिला, त्यांचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या चर्चचे प्रमुख, स्वतः हजर होते. त्यांच्यासाठी ती संत आहेच, आणि परक्यापुढे न वाकलेली राणीही आहे.