अ‍ॅड्रेनालिन पेन: टोचल्यावरही आत औषध उरतं, मग डोस गेला हे कळणार कसं?

प्रश्न:
निळी टोपी आणि नारिंगी टोक असलेलं ०.३ मिग्रॅचं एपिपेन (जीवघेण्या अ‍ॅलर्जीत मांडीत टोचायचं अ‍ॅड्रेनालिनचं तयार इंजेक्शन) आहे. वापरल्यावरही आत बरंच औषध उरतं म्हणे. मग डोस पूर्ण गेला हे ओळखायचं कसं? जीन्सवरून मारलं तर चालतं का? आणि आधी अ‍ॅलर्जीची गोळी देऊन दहा मिनिटं वाट पाहिली तर?

उत्तर १:
उरणारच. आत २ मिली द्रव असतो, त्यातला फक्त ०.३ मिली बाहेर येतो. बाकीचा वापरता येत नाही, पेन फोडून काढायच्या फंदात पडू नका. खूण नारिंगी टोकाची: उचलल्यावर ते लांब झालेलं आणि सुई झाकलेली दिसली, तर डोस गेला. टोक पहिल्याइतकंच आखूड असेल तर पेन सुटलेलंच नाही, पुन्हा जोरात दाबा.

जीन्सवरून चालतं. फक्त जाड शिवण आणि खिशातला मोबाइल, किल्ल्या टाळा. जागा एकच, मांडीच्या मध्यावर बाहेरची बाजू. पेन मुठीत धरायचं, दुसऱ्या हाताने निळी टोपी सरळ वर ओढायची. पेन धरलेल्याच हाताच्या अंगठ्याने ती तिरकी उचकटली तर पेन अवेळी सुटू शकतं. मग काटकोनात ‘खट्’ होईपर्यंत दाबून ३ सेकंद तसंच धरायचं. काही कंपन्यांच्या पेनांना १० सेकंद लागतात, लेबल आधीच वाचून ठेवा. लहान मूल असेल तर पाय घट्ट धरा. सुई आत असताना पाय झटकला की कातडी फाटते.

उत्तर २:
गोळीची वाट बघू नका, घोळ इथेच होतो. गोळीने खाज आणि पित्त उठणं कमी होतं. घशाची सूज आणि घसरलेलं बीपी तिला आवरत नाही. श्वासाला घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, चक्कर यांपैकी काहीही दिसलं की आधी पेन, लगेच अ‍ॅम्ब्युलन्स. गोळी नंतर.

टोचून झाल्यावर माणसाला आडवं करा, पाय उंच. दम लागत असेल तर पाय पसरून बसवा, गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. बरं वाटलं म्हणून उठून चालू देऊ नका: उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, हृदयाकडे परत येत नाही आणि माणूस तिथेच कोसळू शकतो.

प्रश्नकर्ता:
दुसरं पेन कधी?

उत्तर २:
५ मिनिटांत फरक नसेल तर दुसरं, शक्यतो दुसऱ्या मांडीत. म्हणून दोन्ही पेनं कायम जवळ हवीत, एक घरी आणि एक दप्तरात असं नको. धडधड, हातांचा थरथराट, चेहरा पांढरा पडणं हा औषधाचाच परिणाम, थोड्या वेळात ओसरतो. तरी दवाखान्यात जायचंच. काही तासांनी रिअ‍ॅक्शन पुन्हा उसळू शकते.

उत्तर ३:
एक राहिलं. घाईत पेन उलटं धरून नारिंगी टोकावर अंगठा दाबला जातो. मग डोस अंगठ्यात, बोट पांढरंफटक, आणि रुग्ण तसाच. असं झालं तर रुग्णाला लगेच दुसरं पेन द्या. अंगठाही डॉक्टरांना दाखवावा लागेल.

पेन फ्रिजमध्ये नको, उन्हातल्या गाडीतही नको. २० ते २५ अंश ठीक. महिन्यातून एकदा पेनवरच्या पारदर्शक खिडकीतून आत पाहा: द्रव तपकिरी किंवा गढूळ दिसला तर बदला, मुदत बाकी असली तरी. आणि वजन: १५ किलोपासून ०.१५ मिग्रॅ, साधारण २५ ते ३० किलोच्या पुढे ०.३. ही रेषा देशागणिक थोडी सरकते, मुलाचं वजन वाढलं की डॉक्टरांना विचारा.