रिको व्हर्होवेन विरुद्ध टॉम ॲस्पिनॉल: 'तीन लाथांत खेळ खल्लास' म्हणणाऱ्यांसाठी

पिंजऱ्याकडेला (धागाकर्ता)

काल इथे एकाने ठोकून दिलं: "रिकोला युएफसीच्या पिंजऱ्यात सोडा, ॲस्पिनॉल जवळ यायच्या आत मांडीवर तीन लाथा खाऊन खाली बसेल." खाली लोकांनी +१ ची रांग लावली. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. (नवख्यांसाठी: रिको हा डच किकबॉक्सर, ॲस्पिनॉल हा इंग्लंडचा युएफसी हेवीवेट. युएफसी ही एमएमएची संघटना, आणि एमएमएत ठोसे, लाथा, पट, गळा आवळणं सगळं चालतं, तेही पिंजऱ्यात.)

रिको थोर आहे, त्यात वादच नाही. २०१३ ला शिकागोत एकाच रात्री गोखान साकी आणि डॅनियल गिता या दोघांना हरवून त्याने ग्लोरी या किकबॉक्सिंग संघटनेची हेवीवेट स्पर्धा जिंकली, आणि ग्लोरीचा हेवीवेट पट्टा दहा वर्षांहून जास्त काळ सोडला नाही. पण त्या लाथेचं नीट बघा. मांडीवरची लाथ ज्या अंतरावरून लागते, तिथून पट काढायला, म्हणजे पाय धरून खाली पाडायला, फक्त एक पाऊल लागतं. लाथ मारताना रिको एका पायावर असतो, आणि तोल सांभाळायला लाथेच्या बाजूचा हात खाली झटकतो. रिंगमध्ये समोरचा तो पाय धरून ठेवू शकत नाही, धरला की पंच (रेफरी) सोडवतो. पिंजऱ्यात ॲस्पिनॉल तो पाय छातीशी कवटाळेल, डोकं रिकोच्या बरगडीला लावून दाबेल आणि मागे चालत वळेल. एका पायावरचा माणूस बसण्यापलीकडे काही करू शकत नाही.

दुसरं, उभं राहणं. किकबॉक्सर ताठ उभा राहतो, पुढच्या पायावर वजन कमी ठेवतो. समोरून लाथ आली की नडगी चटकन वर घेता यावी म्हणून. पट अडवायला याच्या उलट लागतं: गुडघे वाकलेले, कंबर खाली, म्हणजे समोरच्याने झेप घेतली की दोन्ही पाय मागे फेकून त्याच्या मानेवर कंबर टाकता येते. दोन्ही एका वेळी जमत नाही. आठ-दहा आठवड्यांच्या तयारीत तर नाहीच.

दहा औंस

असहमत. ताठ उभं राहणं सोडता येत नाही हे कोणी सांगितलं? मूळचा किकबॉक्सर असलेला अलेक्स परेरा बघा. २०१५ ला पहिल्याच एमएमए लढतीत गळा आवळून हरला. तोच माणूस माजी युएफसी विजेत्या ग्लोव्हर तेशेराकडे घोटून तयार झाला आणि युएफसीत दोन वजनगटांचा विजेता झाला. २०२३ ला माजी युएफसी विजेत्या ब्लाहोविचने पहिल्या फेरीत त्याला खाली नेलं, पाठीवर बसला, तरी गळा मिळाला नाही, आणि निकाल परेराकडे गेला. किकबॉक्सर म्हणजे जमिनीवर पडलं की पालथं झालेलं कासव, हे चित्र जुनं झालं.

आणि ॲस्पिनॉल पट काढायलाच जाईल असं धरून का चालता? तो स्वतः ठोसे मारायला जातो. २०२३ ला पाव्हलोविचला ६९ सेकंदांत झोपवलं ते हातांनीच. रिकोसमोर उभा राहिला तर पहिली लाथ त्याला कळेल, तिसरी कळणार नाही.

पिंजऱ्याकडेला

परेराने तेशेराकडे किती वर्षं घातली ते तुम्हीच सोडून दिलंत. धाग्याचा प्रश्न आजच्या रिकोचा आहे. त्याच्या नावावर २०१५ ची एक एमएमए लढत आहे. जिंकला, मान्य.

आणि ॲस्पिनॉल पट काढत नाही? मार्च २०२२, लंडन, व्होल्कोव्ह. व्होल्कोव्ह रिकोपेक्षाही उंच, लांब पायांचा, लाथांवर खेळणारा. पहिल्याच फेरीत त्याला खाली नेऊन हात सरळ ताणला आणि व्होल्कोव्हला हार मानावी लागली. उंच लाथवाल्याचं काय करायचं ते त्याने आधीच करून दाखवलंय.

लाल माती

तुमचं चालू द्या, पण एक गोष्ट कायम राहून जाते. पट काढणं ही आपली विद्या आहे. कोल्हापूरच्या तालमीतला सव्वाशे किलोचा मल्ल एकेरी पट काढून या दोघांचाही कब्जा दहा सेकंदांत घेईल. जुजुत्सूचे (जमिनीवर गळा-सांधे आवळायची विद्या) पट्टे बांधणाऱ्यांना आपण डोक्यावर घेतो आणि घिस्सा, घुटना, भारंदाज या आपल्या डावांना कोणी विचारत नाही.

काखेतली मान

लाल माती, कुस्तीबद्दल तुमच्याइतकाच आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. कब्जा घेईल, शंभर टक्के. पुढे काय? कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की चितपट, म्हणून खाली गेलेला मल्ल पालथा होतो, छाती मातीला चिकटवतो. तिथे तीच सुरक्षित जागा. पिंजऱ्यात पालथं होणं म्हणजे पाठ देणं. वरचा दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकवतो, हनुवटीखालून हात घालतो, दुसऱ्या हाताचा दंड पकडून आवळतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध जाते. तालमीत वर्षानुवर्षं अंगात मुरवलेली सवय इथे उलटते.

दुसरी सवय डोक्याची. समोरच्याच्या कुशीबाहेर डोकं ठेवून दुहेरी पट काढला तर मान थेट त्याच्या काखेत जाते. कुस्तीत गळा आवळणं नाही, म्हणून चालून जातं. इथे तो मनगट पकडून कंबर पुढे ढकलतो, की गिलोटिन, म्हणजे समोरून गळा आवळला. म्हणून पिंजऱ्यात डोकं आतल्या बाजूला, कान छातीला घासून, नजर वर.

लाल माती

म्हणजे हजारो जोर-बैठका मारणारा मल्ल गळा सोडवायला शिकू शकणार नाही? मान बघितलीत का मल्लाची? पालथं न होणं शिकवायला सहा महिने पुरेत. पट काढायची ताकद आणि वेळ साधणं सहा महिन्यांत येत नाही, ते लहानपणापासूनच लागतं. तुम्ही सोपी गोष्ट अवघड म्हणून दाखवताय.

काखेतली मान

मान जाड असली तरी रक्तवाहिनी जाड होत नाही. ताकदीने हात उपसायला गेलात तर अजून घट्ट बसतो. आधी वरच्या हाताचं मनगट दोन्ही हातांनी धरायचं, हनुवटी आत, मग खांदे जमिनीकडे घसरवत बाजूला उतरायचं. खांदे जमिनीला! नेमकी तीच गोष्ट, जी न करण्यात मल्लाचं आयुष्य गेलं.

बाकी मूळ कौशल्य लहानपणापासूनच लागतं, हे तुमचं खरं. तेवढं मानतो.

दहा औंस

कुस्तीचा आखाडा वेगळा काढा राव. मूळ मुद्द्यावर एक उत्तर कोणीच दिलेलं नाही. पट काढण्याची भीती दोन्हीकडे चालते. एप्रिल २००७, मँचेस्टर. मिर्को क्रो कॉप, के-वन या किकबॉक्सिंग संघटनेतला मोठा तारा, डोक्यावरची लाथ ही त्याची ओळख. समोर गोन्झागा, जुजुत्सूवाला. गोन्झागाने त्याला खाली नेऊन कोपराचे घाव घातले. पंचाने दोघांना उभं केलं. मिर्कोचं लक्ष कमरेवर, आणि गोन्झागाची लाथ थेट डोक्यावर. मिर्को घोटा मुडपून कोसळला.

पिंजऱ्याकडेला

अहो, हे तर माझंच म्हणणं झालं! एकदा खाली गेलेल्या किकबॉक्सरचे हात कमरेकडे उतरतात आणि त्याचीच विद्या त्याच्यावर उलटते.

दहा औंस

अर्धंच वाचलंत. मुद्दा असा की उभ्या लढतीत कोण जिंकतो हे 'कोण किकबॉक्सर' यावरून ठरत नाही, समोरच्याला कशाची काळजी लागली आहे यावरून ठरतं. रिकोचा गुडघा पोटात बसला की ॲस्पिनॉललाही खाली वाकायची धास्ती लागेल. वाकून येणाऱ्याच्या तोंडावर वर येणारा गुडघा, यासारखा पटाला उतारा नाही.

चार औंस

हातमोज्यांचं कोणीच कसं बोलत नाही? रिकोचा बचाव दोन्ही हात कपाळाला लावून झाकून घेण्याचा. दहा औंसाच्या मोज्याने अर्धा चेहरा झाकतो. चार औंसाच्या मोज्यात दोन मुठींमधून ठोसा सरळ आत येतो, आणि कानामागून वळूनही. साकीचं बघा, ज्याला रिकोने शिकागोत हरवलं. युएफसीत आला, पहिली लढत जिंकला आणि २०१८ ला दुसऱ्याच लढतीत रौंट्रीच्या ठोशाने पहिल्या फेरीत पडला. पट नाही, गळा नाही. उभ्या उभ्या, स्वतःच्याच विद्येत.

दहा औंस

हा मुद्दा मला आवडत नाही, पण बरोबर आहे. झाकून उभं राहणं सोडून रिकोला डोकं हलवत, पाय सरकवत बचाव करावा लागेल. पिंजरा तीस फुटांचा आहे, जागा मिळेल.

पण मग नियम फिरवून बघा. २०२२ च्या मार्चमध्ये सिंगापूरला एमएमएवाला डिमिट्रियस जॉन्सन आणि मुए थायवाला रोडटांग मिश्र नियमांनी लढले: पहिली फेरी मुए थाय (थाई बॉक्सिंग), दुसरी एमएमए, अशी आलटून पालटून. पहिल्या फेरीत जॉन्सन मार खात टिकला, दुसऱ्यात पाठीवर जाऊन गळा आवळला. तशी लढत ठेवली, तर पहिल्या तीन मिनिटांत ॲस्पिनॉल टिकतो का?

पिंजऱ्याकडेला

जॉन्सन टिकला तो पाय हलते ठेवून आणि जवळ आलं की मिठी मारून. ॲस्पिनॉल त्या वजनात सगळ्यात चपळ आहे, पण मुए थायच्या मिठीत रिकोचे गुडघे मोकळे. तिथे रिको. दुसऱ्या फेरीत ॲस्पिनॉल, दोन मिनिटांच्या आत.

लाल माती

आणि तिसरी फेरी मातीत ठेवा.

काखेतली मान

ठेवा. ती तुमची.