मदत हवी आहे: थ्रीसी २८६ या क्वेसारसमोरचा हायड्रोजन, शोषणाच्या खड्ड्याच्या जागी उंचवटा का येतोय?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यातल्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. टी.वाय.च्या दोन मुली, एक कोरेगावहून आणि एक मेढ्याहून एसटीनं येणारी, विज्ञान दिनाला खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला जाऊन आल्या. ४५ मीटरच्या त्या डिशेस बघितल्यापासून प्रोजेक्ट करायचा तर त्यातच, असा हट्ट धरून बसल्यात. मलाही तो हट्ट मनापासून आवडला.

विषय असा. लांबच्या क्वेसारच्या (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्राच्या) रेडिओ लहरी आपल्यापर्यंत येताना वाटेत एखादी दीर्घिका आडवी आली, तर तिच्यातला थंड हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झची लहर शोषतो. विश्वाच्या प्रसरणानं ती रेषा आपल्याकडे कमी वारंवारितेला दिसते. ब्राउन आणि रॉबर्ट्स यांनी १९७३ साली थ्रीसी २८६ या क्वेसारसमोर अशी रेषा पकडली, रेडशिफ्ट (प्रसरणानं लहर किती ताणली गेली त्याचं माप) ०.६९२ ला, म्हणजे ८३९.४ मेगाहर्ट्झला. आम्ही हाच क्वेसार घेतला, कारण तो नेहमीच्या वापरातला कॅलिब्रेटर, म्हणजे मोजमाप जुळवून घ्यायचा ओळखीचा स्रोत, आहे. दुसऱ्या कुणाच्या निरीक्षणातही तो बऱ्याचदा सुरुवातीला किंवा शेवटी दहा-पंधरा मिनिटं असतो, आणि जुना डेटा अर्काइव्हमधून मागवता येतो.

डेटा जीएमआरटीच्या बँड ४ चा आहे, ६५० ते ८५० मेगाहर्ट्झ, २०४८ चॅनेल (वारंवारितेच्या बारीक पट्ट्या). लिस्टस्कॅन, जीव्हीफिट्स या प्रोग्रॅमनी फाइल बदलून कासा या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. फ्लक्स (तेजाचं माप) आणि बँडपास (कुठल्या वारंवारितेला रिसीव्हर किती प्रतिसाद देतो ते) दोन्हीला थ्रीसी २८६ च वापरला. आता गंमत बघा. थ्रीसी २८६ चा स्पेक्ट्रम ८३९.४ ला अगदी सपाट येतोय. आणि ज्या दुसऱ्या क्वेसारसाठी मूळ निरीक्षण घेतलं होतं, त्याच्यात नेमक्या त्याच चॅनेलला दोन-अडीच टक्क्यांचा उंचवटा! मेढ्याची मुलगी म्हणते, हायड्रोजनचं उत्सर्जन सापडलं. इतक्या लांबचं उत्सर्जन एवढ्याशा वेळात दिसणं शक्य नाही, हे मी तिला सांगितलं. पण मग ते आहे काय? मोबाइल टॉवरचा उपद्रव म्हणावा, तर फेज कॅलिब्रेटरमध्येही (निरीक्षणात मधूनमधून बघितलेल्या आणखी एका ओळखीच्या स्रोतामध्येही) तेवढाच उंचवटा आहे, टक्क्यात मोजला तर अगदी तेवढाच.

दुसरा प्रश्न: रेषा मिळाली तर तिच्यावरून वायूचं तापमान काढता येईल का? मुलींना ते फार हवंय.

बेसलाइन: मॅडम, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. बँडपास थ्रीसी २८६ वरून काढला ना? बँडपास काढताना कासा असं धरून चालतो की स्रोत सपाट आहे आणि वरखाली जे काही दिसतं ते रिसीव्हरचं आहे. त्यामुळे खरी शोषणरेषाही रिसीव्हरच्या नावावर गेली आणि थ्रीसी २८६ सपाट झाला. मग त्याच बँडपासनं बाकीच्यांना भागलं, की तिथे उंचवटा येणारच. मापालाच पोचा असेल तर धान्य जास्त मापं भरतं, तसं. सगळीकडे टक्केवारी सारखी आली, हीच खूण. म्हणजे रेषा तुमच्या डेटात आहे! थ्रीसी ४८ किंवा थ्रीसी १४७ या दुसऱ्या कॅलिब्रेटरचा स्कॅन असेल तर त्यावरून बँडपास काढा.

आणखी एक. आपोआप फ्लॅगिंग (खराब डेटा बाजूला काढणं) लावताना ८३९ च्या आसपासचे चॅनेल वगळा. अरुंद रेषा आणि उपद्रव यातला फरक कासातल्या टीएफक्रॉप या फ्लॅगिंगच्या पद्धतीला कळत नाही.

कृष्णाकाठ: वरच्याशी सहमत. खड्डा उथळ का, तेही मुलींना करून बघू द्या. २०० मेगाहर्ट्झ भागिले २०४८, म्हणजे एक चॅनेल ९८ किलोहर्ट्झ, वेगात सेकंदाला ३५ किमी. रेषेची रुंदी जेमतेम ८ किमी. मूळचा दहा टक्क्यांचा खड्डा चॅनेलभर पसरून दोन-अडीच टक्के उरतो. १६३८४ चॅनेलचा डेटा मिळाला तर एक चॅनेल साडेचार किमीच्या आत येतो, तेव्हा रेषेचा आकार दिसेल.

मग उपद्रवाची शंकाही कायमची मिटवता येते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी वेगानं फिरते, त्यातला थ्रीसी २८६ च्या दिशेनं जास्तीत जास्त २४ किमी येतो, त्यामुळे खरी रेषा वर्षभरात ८३९.४ च्या दोन्ही बाजूंना सुमारे ६७ किलोहर्ट्झपर्यंत सरकू शकते. उपद्रवाला त्याचं सोयरसुतक नसतं, तो जागेवरच राहतो. काही महिन्यांच्या अंतरानं घेतलेले दोन डेटा तपासा.

तापमानाचं सांगायचं तर रेषेवरून फक्त गुणोत्तर मिळतं: वायू किती, भागिले तापमान. वायू थंड तितकी रेषा खोल, म्हणून गरम वायू भरपूर असला तरी या पद्धतीला दिसत नाही. वायू किती ते हायड्रोजनच्याच लायमन-आल्फा या दुसऱ्या रेषेवरून कळतं, पण इथे ती २०५७ ॲंगस्ट्रॉमला, अतिनील भागात येते. वातावरण ती अडवतं, त्यामुळे अवकाश दुर्बीणच लागते. थ्रीसी २८६ साठी तो आकडा उपलब्ध आहे, चौरस सेंटिमीटरला सुमारे २×१०^२१ अणू. तो वापरा. तापमान हजार केल्विनच्या आसपास यायला हवं. शंभर केल्विनचा थंड आणि काही हजारांचा गरम, अशा मिश्रणाची ती सरासरी आहे, हे मुलींकडून लिहून घ्याच.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. शेवटी थ्रीसी १४७ चा आठ मिनिटांचा स्कॅन होता. त्यावरून बँडपास काढला. दुसरा क्वेसार आणि फेज कॅलिब्रेटर, दोन्हीतला उंचवटा गेला आणि थ्रीसी २८६ मध्ये ८३९.४ च्या चॅनेलला खड्डा आला. कोरेगावच्या मुलीनं तो प्लॉट लॅबच्या दारावर चिकटवलाय. आता बारीक चॅनेलचा डेटा शोधतेय. बँड ४ चे बरेच प्रकल्प ५५० ते ७५० घेतात, त्यात ही रेषा येतच नाही. ८५० पर्यंतचं, १६३८४ चॅनेलचं निरीक्षण कुणी पाहिलं असेल तर प्रकल्प क्रमांक इथेच लिहा.