प्रॉपर्टी एजंटच्या हातात कमिशनमधलं नेमकं किती पडतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझा धाकटा दीर पगाराची नोकरी सोडून फुलटाइम प्रॉपर्टी एजंट व्हायचं म्हणतोय आणि घरात सध्या दुसरा विषयच नाही. त्याचा हिशोब असा की घराची किंमत एवढी, त्याचे २ टक्के एवढे, महिन्याला एक डील झालं तरी पगाराच्या दुप्पट सुटतात, मग नोकरी कशाला. कागदावर बरोबर दिसतंय म्हणूनच जास्त धाकधूक होतेय. ज्या ऑफिसात जाणार आहे तिथे फिक्स पगार नाही, फक्त कमिशनमध्ये हिस्सा, आणि पेट्रोल, फोन, जाहिरात कोणाच्या खिशातून विचारलं तर "बघू नंतर". या लाइनमधले कोणी असाल तर सांगा ना, २ टक्के म्हणजे खरंच २ टक्के मिळतात का? आणि पहिला पैसा कधी दिसतो?

प्रतिसाद १
ताई, २ टक्के हे पूर्ण डीलचं कमिशन असेल तर ते एकट्याचं नसतं. समजा एकूण कमिशन १०० धरा. समोरच्या पार्टीचा एजंट वेगळा असेल तर अर्धे तिकडे, राहिले ५०. त्यात ऑफिसशी ६०-४० ठरलं असेल तर दीराचे ३०. आता यातून पेट्रोल, जाहिरात, फोटो आणि वर टॅक्स. दोन्ही पार्ट्या स्वतःच्याच असल्या तर चित्र बदलतं पण नवीन माणसाला ते क्वचित जमतं. आणि महिन्याला एक डील हे कोणी सांगितलं त्याला? साईट दाखवून दाखवून पाय दुखतात, मग लोन नाही मंजूर होत, कागदपत्रात घोळ निघतो, नाहीतर दोन्ही पार्ट्या परस्पर भेटून मोकळ्या होतात, आणि डील फिसकटलं की केलेल्या कामाचा छदामही नाही. पैसा व्यवहार पूर्ण झाल्यावर, त्यामुळे सुरुवातीचे बरेच महिने कोरडे जाऊ शकतात, तेवढा घरखर्च बाजूला आहे का बघा.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. एक भर, "आमचे एजंट सरासरी एवढे कमावतात" असं ऑफिसवाले सांगतील त्यावर जाऊ नका, दोन-चार जण तगडे कमावतात आणि सरासरी वर जाते. सगळ्यांची कमाई क्रमाने लावली तर मधोमध येणारा एजंट किती नेतो ते विचारा. आणि मध्येच ऑफिस सोडलं तर अर्धवट डीलचं कमिशन कोणाचं, हे लेखी घ्या!! यावर फार भांडणं होतात.

धागाकर्ती
बापरे, १०० चे ३० हे तर त्याच्या डोक्यातच नाहीये. भाड्याच्या कामांनी सुरुवात केली तर चालेल का?

प्रतिसाद १
चालेल की. रक्कम छोटी पण काम लवकर उरकतं, ओळखी होतात. आणि नोकरी सांभाळून शनिवार-रविवार करता येतं का ते आधी बघू दे त्याला, घर बघायला लोक तसेही सुट्टीलाच येतात.