मदत हवी आहे: डिस्क गोल्फसाठी मुलीला आणि बाबांना कोणत्या डिस्क घेऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही पॅसाडिनाला (कॅलिफोर्निया) राहतो आणि गेले दोन महिने दर रविवारी सकाळी ओक ग्रोव्हच्या कोर्सवर डिस्क गोल्फ (चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी चकती, म्हणजे डिस्क, फेकून साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची) खेळायला जातोय, १९७५ मध्ये सुरू झालेला जगातला पहिला कायमचा कोर्स म्हणतात तो हाच, मोठमोठी ओकची झाडं, मस्त सावली, आणि डिस्क बास्केटच्या साखळ्यांवर आदळून खळ्ळकन आत पडली की लेक अशी काही नाचते की बघत राहावं!!

आता अडचण अशी की आमच्याकडे सगळ्या १७५ ग्रॅमच्या ड्रायव्हर (लांब फेकायच्या डिस्क) आहेत, नवऱ्याच्या मित्राने दिलेल्या. लेक सात वर्षांची, तिने फेकली की डिस्क थोडं जाऊन धपकन डावीकडे पडते. साताऱ्याहून बाबा आलेत सहा महिन्यांसाठी, वय ६८, उजवा खांदा थोडा दुखतो पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त, रोज विचारतात रविवार कधी गं.

मला वाटतं ड्रायव्हर बाजूला ठेवून दोघांना फक्त पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क) आणि मिडरेंज (मधल्या अंतराची) द्यावी, १५० ग्रॅमच्या आसपासची. बरोबर आहे का? कोणती घेतलीत तुम्ही? खांद्यावर ताण न येता फेकायची कशी, बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा आणून) बरा की फोरहँड (हात बाजूने पुढे आणून)? आणि जवळपास छोट्या अंतराचा, सपाट कोर्स माहीत असेल तर नक्की सांगा, बाबा असेपर्यंत एकही रविवार चुकवायचा नाहीये.